औषधाचा वास

आई पाण्यातून बाहेर आली की तिच्या पंचाला, केसांना, हातातल्या बांगड्यांनासुद्धा तो वास यायचा. ती म्हणायची, "आज औषध चांगलं टाकलंय बघ, दवाखान्यासारखं स्वच्छ वाटतंय." आणि मग दहा-पंधरा मिनिटं खोकत बसायची. त्या वासाचा आणि त्या खोकल्याचा संबंध जोडायला मला आठ महिने लागले. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

पुण्यात बावधनच्या बाजूला आम्ही हे घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगाच्या बंद खोलीत हा पोहण्याचा तलाव आयताच मिळाला. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, चार फूट खोल. कोरडा ठाक होता आणि तळाशी रंगाचे रिकामे डबे पडले होते. भराव टाकून फरशी बसवायची आणि पुस्तकांच्या मांडण्या लावायच्या, असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात आईच्या गुडघ्यांनी हाय खाल्ली. संधिवाताच्या डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम सांगितला, कोमट पाण्यात, रोज अर्धा तास. जी बाई अंथरुणातून उठताना भिंत धरते, ती छातीभर पाण्यात कशी झपझप चालते हे पहिल्यांदा पाहिलं आणि भरावाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

अण्णा असते तर त्यांनी पहिल्या दिवशीच पाणी तपासलं असतं. ते माण तालुक्यात आरोग्यसेवक होते. सायकलच्या कॅरिअरला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी बांधून गावोगावच्या विहिरी करत फिरायचे. आधी विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजायची, त्यावरून लिटर काढायचे. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने पावडर बालदीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायचं. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि नळी उजेडाकडे धरून पिवळा रंग किती आला ते पाहायचं. अर्धा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग क्लोरीन दिसलं की ती विहीर सुटली, पुढच्या गावाकडे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा विहिरीत वाकून म्हणायचे, "वास आला अण्णा, झालं." ते म्हणायचे, "वासावर जाऊ नकोस. रंग बघ."

हे वाक्य मला पाठ होतं, आणि तरी आईच्या तलावाच्या बाबतीत मी वासावरच गेले.

पाण्यातलं क्लोरीन दोन रूपांत असतं. एक हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे जंतू मारणारं, कामाचं. दुसरं त्याचंच आळशी रूप, हायपोक्लोराइट. कुणाचा वाटा किती हे पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचं माप, ठरवतो. ७.५ ला दोघं साधारण निम्मे-निम्मे असतात, आणि ८ च्या घरात गेलात की कामाचा हिस्सा जेमतेम पाव उरतो. म्हणजे पीएच न बघता औषध ओतणं हे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरण्यासारखंच. हे मला शाळेत शिकल्याचं अंधुक आठवत होतं. जे माहीतच नव्हतं ते पुढचं. घामातला युरिया, अंगावरचा मळ, लघवीचा अंश, यांच्याशी क्लोरीन जुळतं आणि क्लोरामाइन तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात ठरतच नाही, वर येऊन पृष्ठभागालगतच्या हवेत पसरतं. डोळे तेच चुरचुरवतं आणि घसा तेच धरतं. आपण सगळे ज्याला औषधाचा वास म्हणतो, तो बहुतांशी याचा असतो. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. वास उग्र होत चालला याचा अर्थ क्लोरीन मळाशी झुंजून अर्धवट अडकलेलं आहे.

उघड्यावरच्या तलावाला ही पीडा कमी. तिथे ऊन क्लोरामाइन मोडतं आणि उरलेलं वारा घेऊन जातो. आमच्या खोलीत ऊन नव्हतं, वारा नव्हता. एक सिलिंग फॅन होता. त्याच्याकडे नंतर येते.

तलावाची देखभाल महिन्याच्या बोलीवर एका माणसाकडे दिली होती. तो आठवड्याला एक दोनशे ग्रॅमची गोळी तरंगत्या डब्यात टाकायचा, सँड फिल्टर बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट पाणी सोडून धुवायचा, वहीत सही करायचा आणि जायचा. क्लोरीनची पट्टी रंग दाखवायची, मग विचारायचं काय? ती गोळी ट्रायक्लोरची होती. तिच्यात क्लोरीनच्या जोडीला सायन्युरिक आम्ल येतं. उन्हात क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून ते क्लोरीनला धरून ठेवतं, म्हणून उघड्या तलावात थोडंसं हवंच असतं. आमच्या बंद खोलीत ऊनच नव्हतं. क्लोरीन खर्च होत होतं आणि ते आम्ल साठत होतं, कारण ते उडत नाही, मोडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. साडेएकवीस हजार लिटर पाण्यात एका गोळीने ते पाच पीपीएमनी वाढतं. आठवड्याला एक गोळी, आठ महिने. हिशेब कुणीही तोंडी करावा.

ते मोजायची पद्धत मला फार आवडते, म्हणून सांगते. एक उभी नळी असते, तिच्या तळाला काळा ठिपका. तलावाच्या पाण्यात मेलामाइनचं द्रावण मिसळलं की पाणी दुधाळ होतं. ते दुधाळ पाणी थोडं थोडं नळीत ओतत वरून पाहत राहायचं. ज्या उंचीला ठिपका दिसेनासा होतो, तिथला आकडा वाचायचा. आम्ल जितकं जास्त, तितका ठिपका लवकर बुडतो. मी ओतायला सुरुवात केली आणि शंभराच्या खुणेपर्यंत पोहोचायच्या आधीच ठिपका गेला. त्यापुढे नळीवर आकडाच नव्हता. मग निम्मं तलावाचं, निम्मं पिण्याचं पाणी घेऊन पुन्हा केलं. ठिपका ऐंशीला गेला, म्हणजे खरा आकडा एकशे साठ. एवढ्या आम्लाने क्लोरीनचा बराचसा भाग धरून ठेवला होता. पट्टीला तो दिसत होता, जंतूंना दिसत नव्हता. त्याच दुपारी डीपीडीच्या, म्हणजे क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणाऱ्या गोळीने मोकळं आणि बांधलेलं क्लोरीन वेगळं करून पाहिलं. बांधलेलं, म्हणजे क्लोरामाइनचं, ०.८ पीपीएम निघालं. ०.२ च्या वर ते जाऊ नये.

उपाय एकच होता, पाणी काढून टाकायचं. महिना एप्रिलचा होता. आमच्या गल्लीत टँकर लागले होते, समोरच्या सोसायटीत बायका मोटार सुरू होण्याची वाट बघत बाल्कनीत उभ्या असायच्या. त्या दिवसांत साडेएकवीस हजार लिटर पाणी गटारात सोडायचं माझ्याने झालं नसतं. गोळ्या बंद केल्या, आईचं पाण्यात जाणं थांबवलं, आणि सोडियम थायोसल्फेट, फोटो धुणारे लोक ज्याला हायपो म्हणायचे ते, घालून क्लोरीन मारलं. मग ते पाणी दीड महिना संडासाच्या टाक्यांना आणि अंगण धुवायला वापरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तलाव कोरडा झाला. आईने दीड महिना गुडघे कसे काढले ते ती सांगत नाही.

भरायचा कशाने, हा पुढचा प्रश्न. आमच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा ४२० पीपीएम. काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं पाणी, त्यात कॅल्शियम असणारच. ते गरम केलं की हीटरच्या नळ्यांवर पांढरा थर बसतो, टाइल्स खरखरीत होतात. उलट पावसाच्या पाण्यात जडपणा जवळजवळ नाहीच, पण तेही भरवशाचं नाही. पाण्याला कॅल्शियम कमी पडलं की ते टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटमधून ओढून घेतं. पाणी थर बसवेल की सिमेंट खाईल हे पीएच, जडपणा, क्षारता आणि तापमान यांवरून सांगणारा एक निर्देशांक लँगलियर यांनी १९३६ साली मांडला. तो पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी होता, आज तलाववाले सगळे त्यावरच चालतात. मी कागदावर मांडून पाहिलं. पाच हिश्श्यांत तीन बोअरचे आणि दोन पावसाचे घेतले तर जडपणा अडीचशेच्या आसपास येतो, मला हवा तेवढा. पहिले दोन पाऊस गच्ची धुवायला सोडून दिले आणि मग गच्चीचा पाइप जाळीतून तलावात सोडला. जून संपताना आई काठावर खुर्ची टाकून बसायची आणि टाइल्स मोजून सांगायची, "आज दोन फरश्या चढलं गं." माणदेशात वाढलेल्या बाईला पाण्याची पातळी चढताना बघण्याइतकं सुख दुसरं नाही.

पाणी सुधारलं. ट्रायक्लोर घरात आणायचं नाही हे ठरलं. त्याऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचं द्रव औषध, थोडं थोडं, रोज. (एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ट्रायक्लोरची गोळी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एका डब्यात, एका चमच्याने, एका फडताळात कधीही एकत्र येऊ देऊ नका. पेट घेतं, स्फोट होतो. आणि आम्ल व क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.) पीएच ७.४, बांधलेलं क्लोरीन ०.२ च्या आत. वहीतले आकडे बघून अण्णा खूश झाले असते.

आणि आईचा खोकला, कमी झाला तरी, होताच.

मी फक्त पाण्याकडे बघत होते. पाणी दिसतं, गढूळ झालं की कळतं, नळीत रंग दाखवतं. पाण्यावरच्या हातभर हवेचं काय चाललंय हे कुणी बघत नाही, आणि आई श्वास घेत होती ती नेमकी तीच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बंद तलावांच्या हवेत ट्रायक्लोरामाइनसाठी घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. पण घरी ते मोजायला ओटीसारखी नळी नाही. नाक आणि खोकला, एवढीच साधनं.

हवेकडे माझं लक्ष गेलं ते बालदीमुळे. नोव्हेंबरात पाणी रोज थोडं थोडं उतरायला लागलं. देखभालीचा माणूस म्हणाला, गळती आहे, तळाच्या टाइल्स फोडाव्या लागतील. फोडण्याआधी मी एक जुनी परीक्षा केली. बालदीत तलावाचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवली, आतली आणि बाहेरची पातळी एक करून दोन्हीकडे खूण केली. गळती असती तर तलाव जास्त उतरला असता. चोवीस तासांनी दोन्हीकडे तीन मिलिमीटर उतरलं होतं. पाणी जमिनीत जात नव्हतं, हवेत जात होतं. अठरा चौरस मीटरवर तीन मिलिमीटर म्हणजे दिवसाला पन्नासेक लिटर. वर्षाला जवळजवळ एक अख्खा तलाव. आणि वाफ एकटी जाते, कॅल्शियम मागे ठेवून जाते. त्या जागी पुन्हा बोअरचं पाणी घातलं की जडपणा वर्षभरात जवळजवळ चारशेने चढणार. पाणी आणि हवा असे दोन वेगळे विषय माझ्या वहीत होते, ते त्या दिवशी एक झाले.

मग एवढं बाष्प जातं कुठे? मी वर पाहिलं. पीओपीच्या छताला स्क्रूभोवती चहाच्या कपाखाली उमटतात तशी तपकिरी वर्तुळं आली होती. सुताराने एक तुकडा काढला तर आतले लोंबते गज बोटाने चोळले की पापुद्रे सुटत होते. "स्टेनलेसचे टाकायला हवे होते," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं असतं, पण शोधता शोधता उस्टरची हकीकत वाचनात आली. स्वित्झर्लंडमधल्या या गावच्या बंद जलतरण तलावाचं काँक्रीटचं लोंबतं छत ९ मे १९८५ रोजी कोसळलं, बारा माणसं गेली. ते छत ज्या गजांवर तोललेलं होतं ते स्टेनलेस स्टीलचे होते आणि इमारत अवघी तेरा वर्षांची होती. तलावाच्या हवेतली क्लोराइडं त्या गजांवर साठत गेली आणि ताणाखालचं पोलाद आतून तडकत गेलं. बाहेरून गंज दिसतो तेवढाही नीट दिसला नसेल. ज्या हवेने ते पोलाद खाल्लं, त्याच जातीच्या हवेत मी आईला रोज अर्धा तास सोडत होते. आमचं लोंबतं छत मी त्याच आठवड्यात उतरवलं. आता वर नुसता स्लॅब आहे, त्याला रंग दिलाय आणि तो दिसतो. छत दिसलं पाहिजे.

एक्झॉस्ट फॅन होता, पण भिंतीत वर, दाराच्या अगदी समोर. उदबत्ती लावून मी खोलीत फिरले. दारातून आलेली हवा धूर उचलून सरळ पंख्याकडे, सगळ्यांच्या डोक्यावरून, बाहेर जात होती. पाण्यालगत उदबत्ती धरली की धूर जागचा हलत नव्हता. ट्रायक्लोरामाइन हवेपेक्षा जड, ते तिथेच बसून राहणार. एक्झॉस्ट बंद करून दाराच्या फटीशी उदबत्ती धरली तर धूर घराकडे वळला. देवघरातली समई दर चार दिवसांनी का काळवंडते, याचा उलगडा तिथे झाला. तलावाच्या खोलीत दाब घरापेक्षा किंचित कमी हवा, म्हणजे हवा घरातून तिकडे जाते, तिकडून घरात येत नाही.

आता हवा ओढणारी पीव्हीसीची जाळी पाण्यापासून वीतभर उंचीवर आहे आणि ताजी हवा समोरच्या खिडकीच्या काचेवरून खाली उतरते. सिलिंग फॅन काढला. पाण्यावर वारा घातला की जास्त वाफ होते, हे ओले कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मला ते तलावाच्या बाबतीत का सुचलं नसेल?

थंडी-उन्हाळ्यात एवढ्यावर भागतं. जानेवारीच्या दुपारची बाहेरची हवा कोरडी, ती आत घेतली की खोली आपोआप सुकते. पावसाळ्यात मात्र हे गणित उलटतं. जुलैतली पंचवीस अंशांची, पंच्याऐंशी टक्के ओल असलेली हवा आत आणायची म्हणजे आपल्याला तीस अंशाला साठ टक्के हवे असलेल्या खोलीत आणखी पाणी आणायचं. थंड देशांतल्या माहितीपत्रकांत खिडकी उघडा, हवा सुकेल असं लिहिलेलं असतं, ते आमच्याकडे चार महिने चालत नाही. तेव्हा डिह्युमिडिफायर लागतोच, आणि तो वाफेचं पाणी करताना लिटरमागे साधारण दोन-तृतीयांश युनिट उष्णता परत करतो. आमच्या यंत्रात ती उष्णता तलावाच्या पाण्यात जाते. जुलै-ऑगस्टात हीटर जवळपास बंद असतो.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो झाकणाने. पाण्यावर पसरायची ती जाड फुगेवाली चादर बाष्प जवळजवळ थांबवते. पण तिचा एक दोष मी अनुभवाने शिकले. रात्रभर झाकलेल्या पाण्यातून जो वायू सुटायला हवा, तो चादरीखाली दबून राहतो. सकाळी झाकण काढलं की एकदम तोंडावर येतो. म्हणून सहाला झाकण मी काढते, एक्झॉस्ट पूर्ण वेगाने लावते आणि आई साडेसहाला येते. त्या अर्ध्या तासात खोलीत कुणी जायचं नाही. ज्या दिवशी बांधलेलं क्लोरीन तोडायला दहापट औषध घालते, ०.८ ला आठ पीपीएम, म्हणजे आमच्या पाण्याला दीड लिटरच्या आसपास, त्या दिवशी झाकण रात्रभर उघडं. अशा एका सकाळी डीपीडीची गोळी टाकली तर नळीतलं पाणी पांढरं स्वच्छ. क्लोरीन संपलं समजून मी आणखी ओतणार होते. तेवढ्यात वाटलं, निम्मं पिण्याचं पाणी मिसळून बघावं. लगेच गडद गुलाबी आलं. क्लोरीन फार झालं की ते रंगच खाऊन टाकतं. रंगावर जा म्हणणाऱ्या अण्णांनाही हे दाखवायला हवं होतं.

आणि तेल. आई आयुष्यभर गुडघ्यांना तेल चोळून मगच पाण्यात उतरणारी. टाइल्सवर पाण्याच्या रेघेला जो पिवळट चिकट पट्टा यायचा, तो तिळाच्या तेलाचा. पंधरा दिवस लागले तिला पटवायला. आता ती आधी साबणाने अंघोळ करते, मग पाण्यात उतरते, तेल नंतर. "पाण्यात जायच्या आधी अंघोळ, असलं काही ऐकलं नव्हतं बाई," असं अजून म्हणते, पण करते. बांधलेलं क्लोरीन जितकं या एका गोष्टीने उतरलं तितकं कुठल्याही औषधाने उतरलं नाही. शिवाय माणसामागे तीस लिटर ताजं पाणी रोज. ते बॅकवॉशमधून आपोआप निघतं आणि भरलं जातं.

खोकला गेला आहे. बांगड्यांना वास येत नाही.

राहिली ती खिडकी. खोलीतल्या हवेला एकवीस-बावीस अंशांहून थंड काहीही लागलं की तिथे पाणी सुटतं, आणि डिसेंबरच्या पहाटे बाहेर दहा अंश असताना आमची एकेरी काच त्याच्या कितीतरी खाली जाते. वरून येणारी कोरडी हवाही पहाटे पुरी पडत नाही. दुहेरी काचेचा भाव काढलाय, या वर्षी जमेलसं वाटत नाही. तोवर आईच्या जुन्या सुती लुगड्याचं एक फडकं खिडकीच्या कडीला टांगून ठेवलंय. झाकण काढलं की पहिल्यांदा काच पुसते, फडकं बालदीत पिळते. थंडीत एका सकाळी तांब्याभर तरी पाणी निघतं.